एक रोहित्र, वीस गाड्या

एकाच वीजजोडणीवर विजेवरच्या गाड्यांचे अनेक चार्जर बसवले की त्यांच्यात वीज वाटून देण्याची व्यवस्था करावी लागते. तिला लोड बॅलन्सिंग म्हणतात. मराठीत भारवाटप हा शब्द चालेल. जोडणीतून एका वेळी ठरावीक वीजच ओढता येते आणि सगळे चार्जर पूर्ण क्षमतेने चालले तर त्यांची भूक त्याहून मोठी असते. भारवाटपाची यंत्रणा दर काही सेकंदांनी एकूण भार मोजते, शिल्लक किती आहे ते पाहते आणि प्रत्येक गाडीला किती प्रवाह घेता येईल हे तिला कळवते. मर्यादा पाळण्याचे काम यंत्र करते. मात्र कोणाला आधी आणि कोणाला किती, हे आवारातल्या माणसांना आधीच ठरवून द्यावे लागते. बहुतेक आवारांत नेमके हेच ठरवायचे राहून जाते.

नाक्यावरची गर्दी

या व्यवस्थेची गरज कुठे उभी राहते हे समजून घ्यायला भिवंडी तालुक्यातले वडपे सोयीचे आहे. मुंबई–नाशिक महामार्गाचा माजिवडा ते वडपे हा सुमारे २४ किलोमीटरचा भाग आठपदरी करण्याचे काम याच गावाच्या नावाने ओळखले जाते. पुढे नाशिककडे जाणारा ९९.५ किलोमीटरचा वडपे–गोंदे टप्पाही इथूनच मोजतात. जवळच आमणे येथे समृद्धी महामार्ग येऊन मिळतो. नागपूरपासूनच्या ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणाने समृद्धीवर विजेवरच्या मोटारी आणि बसगाड्यांना पथकरमाफी जाहीर केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये एसटीची ई-बस बोरिवली–ठाणे–नाशिक मार्गावर धावू लागली, तीही याच महामार्गाने.

महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या उंच छपरांची गोदामे आहेत. मोठे ट्रक आणि कंटेनर इथे माल उतरवतात आणि छोटी वाहने तोच माल मुंबई, ठाणे, कल्याण, नवी मुंबईच्या दारांपर्यंत नेतात. भारवाटपाचा खरा प्रश्न या छोट्या वाहनांचा आहे. टाटा एसला सारा महाराष्ट्र ‘छोटा हत्ती’ म्हणतो. तिची विजेवरची आवृत्ती मे २०२२ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिची बॅटरी २१.३ किलोवॅट-तासांची होती. मालवाहू ई-रिक्षांच्या बॅटऱ्या याहून बऱ्याच लहान, महिंद्राच्या ट्रिओ झोरची ७.३७ किलोवॅट-तासांची. अशी वाहने दिवसभर फिरतात आणि संध्याकाळी थोड्या वेळाच्या अंतराने एकापाठोपाठ आवारात परततात. ड्रायव्हर चार्जरची गन लावतो, चावी जमा करतो आणि घरी जातो. तासा-दीड तासात वीस गाड्या चार्जरला लागलेल्या असतात, आणि त्याच वेळी गोदामात दिवे, पट्टे, पंखे, कदाचित शीतकक्षही चालू असतो.

भिवंडी विभागात महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरेंट पॉवर २६ जानेवारी २००७ पासून वीज वितरण करते. यंत्रमागांच्या या गावाला विजेच्या भाराची भाषा नवी नाही. मंजूर भार, करार मागणी, रोहित्राची क्षमता हे शब्द इथल्या कारखानदाराच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. गाड्यांचा चार्जर त्याच जुन्या हिशेबात नवा खातेदार म्हणून आला आहे.

गरज मोजायची कशी

चार्जर बसवायचे ठरले की पहिला हिशेब बहुधा असा होतो: ७.४ किलोवॅटचे वीस चार्जर, म्हणजे १४८ किलोवॅट, तेवढा भार वाढवून मागा. हा गुणाकार बरोबर आहे, पण त्याचा गाड्यांच्या गरजेशी संबंध नाही. गाडीला ठरावीक वेळेपर्यंत ठरावीक किलोवॅट-तास हवे असतात. किलोवॅट हा वेग आहे आणि किलोवॅट-तास हे भरायचे माप.

उदाहरणासाठी एक आवार घेऊ. वीस गाड्या, प्रत्येकीची बॅटरी २१ किलोवॅट-तासांच्या आसपास. दिवसभरात प्रत्येकीने सरासरी १५ किलोवॅट-तास खर्च केले. चार्जिंगमध्ये सुमारे दहा टक्के वाया जातात, म्हणून भिंतीकडून १६.५ घ्यावे लागतील. वीस गाड्यांचे झाले ३३० किलोवॅट-तास. रात्री १० ते सकाळी ६ हे आठ तास हाताशी असतील, तर सरासरी ४१ किलोवॅट पुरतात. कागदावरच्या १४८ पैकी प्रत्यक्षात लागले पाव भागाहून थोडे जास्त.

आता या आवाराची करार मागणी, म्हणजे वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी, २०० केव्हीए आहे असे धरू. पॉवर फॅक्टर एकच्या जवळ असेल तर हा आकडा किलोवॅटसारखाच वाचता येतो. सुरक्षेसाठी दहा टक्के बाजूला ठेवले की १८० उरतात. गोदामाचा स्वतःचा भार भर दिवसा १४०, संध्याकाळी आठच्या सुमारास ११०, मध्यरात्री ५०. म्हणजे गाड्यांना दिवसा ४०, संध्याकाळी ७० आणि रात्री १३० किलोवॅट मिळू शकतात. संध्याकाळी वीस चार्जर एकदम पूर्ण वेगाने चालले तर एकूण २५८ होतात आणि मुख्य ब्रेकर पडतो. वाटप केले तर त्याच जोडणीवर रात्रीच्या आठ तासांत १,०४० किलोवॅट-तास उपलब्ध आहेत, म्हणजे गरजेच्या तिप्पट. चार्जरची संख्या वाढवली आणि रांग नीट लावली, तर साठ गाड्या सांभाळण्याइतकी वीज या २०० केव्हीएमध्ये आहे. नवे रोहित्र, नवी उच्चदाब केबल आणि मंजुरीचे महिने, हे सगळे या एका हिशेबामुळे टळू शकते. म्हणून चार्जर कंपनीचे माहितीपत्रक उघडण्याआधी महिनाभराची भाराची नोंद काढावी आणि गाड्यांच्या येण्याजाण्याची वही वाचावी.

तीन घड्याळे

भाराची मर्यादा ही एक रेघ आहे असे वाटते. प्रत्यक्षात तीन मर्यादा आहेत आणि तिघींचा काळ वेगळा.

पहिली ब्रेकरची. मोठे मोल्डेड केस ब्रेकर थोडासा जादा प्रवाह लगेच तोडत नाहीत. भार जितका जास्त तितके ते लवकर पडतात. दहा-वीस टक्के जादा भार काही मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ सहन होतो, दुप्पट भार फार वेळ टिकत नाही. त्यामुळे भारवाटपाच्या यंत्रणेला मिलिसेकंदांत धावण्याची गरज नसते, मात्र मिनिटे दवडण्याचीही मुभा नसते. पाच-दहा सेकंदांत निर्णय झाला तर पुरते.

दुसरी मर्यादा बिलाची. मीटर कमाल मागणी क्षणाक्षणाने नोंदवत नाही. ठरावीक मिनिटांच्या खंडातली सरासरी काढतो आणि महिन्यातला सर्वांत मोठा खंड बिलात जातो. करार मागणी ओलांडली की जादा भागावर चढ्या दराने आकारणी होते. शिवाय उच्चदाब ग्राहकांच्या बिलात मागच्या अकरा महिन्यांतल्या उच्चतम मागणीचा काही हिस्साही मोजला जात आला आहे. त्यामुळे एका संध्याकाळची चूक पुढचे काही महिने बिलात दिसत राहू शकते. या मर्यादेत मात्र एक सोय आहे. खंडाच्या पहिल्या काही मिनिटांत भार वाढला, तर उरलेल्या मिनिटांत चार्जर हळू करून सरासरी खाली आणता येते. चांगले नियंत्रक हा हिशेब करतात.

तिसरी रोहित्राची. ११ किलोव्होल्टवरून ४३३ व्होल्टवर आणणाऱ्या ५०० केव्हीए रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे ६६७ अँपिअर असतो. तेलाला तापायला तास लागतात आणि निवायलाही. वरच्या उदाहरणात दिवसा १४० किलोवॅटवर चालणारे रोहित्र रात्री निवांत होत असे. आता रात्रीही गाड्या लावल्या तर त्याची विश्रांती संपते. कोकणच्या दमट एप्रिल-मेमध्ये, पत्र्याच्या शेडला टेकून उभ्या असलेल्या रोहित्राच्या बाबतीत ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. रोहित्राच्या पाटीवरचा आकडा ही वरची मर्यादा आहे. रोज तिथपर्यंत पोहोचण्याचे नियोजन करू नये.

गाडीशी बोलणारी तार

एसी चार्जर म्हणून भिंतीवर जी पेटी दिसते ती खरे तर चार्जर नाही. विजेचे एसीतून डीसीत रूपांतर करणारे यंत्र गाडीतच असते. भिंतीवरची पेटी म्हणजे सुरक्षित, बोलता येणारे बटण. तिच्या गनमध्ये वीज नेणाऱ्या तारांशिवाय कंट्रोल पायलट नावाची एक बारीक तार असते आणि सगळे भारवाटप शेवटी या तारेवर येऊन ठेपते.

आयईसी ६१८५१ या आंतरराष्ट्रीय मानकाने ही भाषा ठरवली आहे आणि भारतातली आयएस १७०१७ ही मानकमालिका त्याच वाटेने जाते. पेटी त्या तारेवर अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टमध्ये सेकंदाला हजार वेळा हेलकावणारा संकेत सोडते. त्या हेलकाव्याचा वरचा भाग किती रुंद आहे, यावरून गाडीला परवानगी कळते. रुंदी १० टक्के असेल तर ६ अँपिअर, २६.७ टक्के असेल तर १६, ५३.३ टक्के असेल तर ३२. टक्क्यांना ०.६ ने गुणले की अँपिअर मिळतात. गाडी उलट दिशेने याच तारेवरचा व्होल्टेज खाली ओढून उत्तर देते: ९ व्होल्ट म्हणजे गन लागली, ६ व्होल्ट म्हणजे वीज सोड. रुंदी बदलली की गाडीने पाच सेकंदांत आपला प्रवाह नव्या मर्यादेत आणायचा असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पेटी फक्त कमाल मर्यादा सांगते. गाडीने तेवढे घेतलेच पाहिजे असे नाही. ३२ अँपिअर देऊ केले तरी गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर ती १५ च्या आसपासच घेते, आणि उरलेली परवानगी दुसऱ्या गाडीला देण्याइतकी हुशारी नियंत्रकात असावी लागते. दुसरी गोष्ट, या तारेवरून गाडीची बॅटरी किती भरली आहे हे कळत नाही. एसी चार्जिंगमध्ये ती माहिती ड्रायव्हरकडून, वहीतून किंवा गाडीच्या टेलिमॅटिक्समधून आणावी लागते.

पेटी आणि नियंत्रक यांच्यात बहुधा ओसीपीपी हा खुला करार चालतो. नेदरलँड्समध्ये २००९ च्या सुमारास त्याची सुरुवात झाली, १.६ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली, २.०.१ ही २०२० मध्ये. त्यात संपूर्ण पेटीची कमाल मर्यादा, प्रत्येक नव्या गाडीसाठीची नेहमीची मर्यादा आणि एका विशिष्ट गाडीसाठीची मर्यादा अशा थरांनी आज्ञा देता येतात. खरेदी करताना इथे फसगत होते. १.६ मध्ये मूळ भाग सक्तीचा आहे, स्मार्ट चार्जिंगचा भाग ऐच्छिक. पेटीवर ‘ओसीपीपी १.६’ छापले आहे म्हणून ती मर्यादेची आज्ञा पाळेलच असे नाही. विक्रेत्याला समोर बसवावे, एका चालू गाडीवर १६ अँपिअरची आज्ञा पाठवायला लावावी आणि क्लॅम्प मीटरने आकडा पाहावा.

पाटकऱ्याचे काम

वाटपाचा नियम निवडणे हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. वडप्यावरून जाणारा रस्ता पुढे ज्या नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत पोहोचतो, तिथे पाणीवाटपाची एक जुनी शिस्त आहे. पांझरा, मोसम अशा नद्यांवरच्या बंधाऱ्यांतून काही शतके चालत आलेली फड पद्धत ती हीच. शेते फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, आणि पाणी कोणत्या क्रमाने फिरवायचे याची जबाबदारी पाटकऱ्यावर. स्वतःच्या शेताचे दार शेतकरी स्वतः उघडत नाही. पाणी कमी पडलेल्या वर्षी सगळ्यांना थेंब थेंब देण्यापेक्षा कमी फड भिजवायचे, असा निर्णय आधी एकत्र बसून होतो.

चार्जरच्या आवारात पाटकऱ्याचे काम नियंत्रक करतो आणि त्याच्यापुढेही तेच प्रश्न असतात. समान वाटप हा सर्वांत सोपा नियम: ४० किलोवॅट आहेत, वीस गाड्या आहेत, प्रत्येकीला दोन. पण मानकाने इथे एक उंबरठा ठेवला आहे. ६ अँपिअरच्या खाली परवानगी देताच येत नाही. एका फेजवर ६ अँपिअर म्हणजे सुमारे १.४ किलोवॅट, तिन्ही फेजवर ४.१. शिल्लक वीज वीस गाड्यांत भागून प्रत्येकीला ५ अँपिअर येत असतील, तर समान वाटप अशक्य होते आणि काही गाड्या थांबवाव्याच लागतात. मग पाळी येते: पंधरा मिनिटे किंवा अर्धा तास या गाड्या, नंतर त्या.

पाळी लावताना एक अडचण अनुभवाने कळते. काही गाड्या बराच वेळ वीज मिळाली नाही की झोपी जातात आणि वीज परत आली तरी उठत नाहीत. सकाळी ड्रायव्हर येतो तेव्हा बॅटरी तशीच रिकामी. त्यासाठी चार्जर पायलट तारेचा संकेत क्षणभर तोडून पुन्हा देतो, जणू गन काढून परत लावली. ताफ्यातल्या प्रत्येक प्रकारच्या गाडीवर हे करून पाहिल्याशिवाय पाळीचा नियम लागू करू नये. शिवाय अगदी कमी प्रवाहावर गाडीतल्या यंत्राची स्वतःची भूक तेवढीच राहते, त्यामुळे वाया जाणाऱ्या विजेचे प्रमाण वाढते. पाच गाड्यांना १६ अँपिअर देऊन मोकळे करणे हे बहुधा बारा-तेरा गाड्यांना ६ वर रेंगाळत ठेवण्यापेक्षा चांगले.

‘जो आधी आला त्याला आधी’ हा नियम न्याय्य वाटतो, पण गोदामासाठी तो चुकीचा ठरू शकतो. सर्वांत आधी परतलेला टेम्पो बहुधा जवळच्या फेरीचा असतो, त्याची बॅटरी निम्मी भरलेली असते. शेवटी रात्री साडेनऊला येणारी गाडी लांबची असते, सर्वांत रिकामी, आणि पहाटे पाचला दूध किंवा भाजीच्या फेरीवर निघणारीही कदाचित तीच. गोदामाच्या ताफ्याला निघण्याच्या वेळेनुसार क्रम लावणेच योग्य. हवे असलेले किलोवॅट-तास भागिले उरलेले तास, हा भागाकार ज्या गाडीचा सर्वांत मोठा, तिला पहिला मान. त्यासाठी फेऱ्यांचे वेळापत्रक रोज संध्याकाळी नियंत्रकापर्यंत पोहोचले पाहिजे, आणि ते पोहोचवणारा माणूस नेमलेला पाहिजे. पर्यवेक्षकाला एखादी गाडी हाताने पुढे काढण्याची सोयही हवी, मात्र तिची नोंद राहावी.

दराचा विचार यात मिसळतो. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीने दिवसाच्या सौर तासांत वीज स्वस्त आणि मागणीच्या तासांत महाग ठेवण्याचे तत्त्व घालून दिले. सार्वजनिक चार्जिंगसाठी सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट दर सौर तासांत आणि १.३ पट इतर वेळी असे सूत्र आहे. प्रत्यक्ष दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. टेम्पो मात्र याच स्वस्त तासांत रस्त्यावर असतात. त्यातून मार्ग निघतो तो दुपारच्या भरणीत: दुसऱ्या फेरीचा माल चढेपर्यंत गाडी धक्क्यावर उभी असते. धक्क्यापाशीच चार-पाच चार्जर ठेवले, तर ती पाऊण तासाची वेळ कामी येते. छपरावर सौर पॅनेल असतील तर आणखी चांगले.

मोजणारा मीटर

वाटप दोन प्रकारांनी होते. चार्जरच्या संचाला ४० किलोवॅटची कायमची मर्यादा ठरवून देणे हा स्थिर प्रकार. गोदामाचा भार सतत मोजून, मर्यादेतून तो वजा करून उरलेले गाड्यांना देणे हा बदलता. पहिला स्वस्त आणि मजबूत आहे, पण वरच्या उदाहरणात त्याने रात्रीचे नव्वद किलोवॅट वाया जातात. गोदामांसाठी दुसराच योग्य.

दुसऱ्या प्रकाराचे डोळे म्हणजे मुख्य पॅनेलमध्ये येणाऱ्या बसबारवर बसवलेले करंट ट्रान्सफॉर्मर (सीटी) आणि त्यांना जोडलेला मीटर. तो आरएस-४८५ तारेवर मॉडबस भाषेत नियंत्रकाला आकडे देतो. इथल्या चुका साध्या असतात आणि महाग पडतात. सीटीवरचा बाण उलटा लागला तर मीटर वजा आकडा दाखवतो. आवारातून वीज बाहेर चालली आहे असे नियंत्रकाला वाटते आणि भार वाढेल तशी तो गाड्यांना आणखी मोकळीक देत जातो. आर, वाय, बी या तीन फेजपैकी आर फेजचा सीटी वाय फेजच्या व्होल्टेजशी जोडला गेला तरी आकडे विश्वासार्ह राहत नाहीत. शीतकक्षाची किंवा लिफ्टची केबल सीटीच्या अलीकडून निघाली असेल तर तो भार मोजलाच जात नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी मीटरचा आकडा वीज कंपनीच्या मीटरशी ताडून पाहावा.

आर, वाय, बी

एकूण भार मर्यादेत असूनही ब्रेकर पडतो, तेव्हा बहुधा फेजचा प्रश्न असतो. भारतातल्या बऱ्याच गाड्या एसीवर एकाच फेजने चार्ज होतात. तीन फेजच्या पेटीला अशी गाडी लावली तर ती फक्त पहिल्या फेजवरून वीज घेते. वायरमनने सगळ्या पेट्या आर-वाय-बी अशा एकाच क्रमाने जोडल्या असतील, तर ३२ अँपिअरच्या नऊ गाड्या मिळून आर फेजवर २८८ अँपिअर टाकतात आणि वाय, बी रिकामे राहतात. न्यूट्रलवरही तेवढाच प्रवाह परत येतो.

उपाय जोडणीच्या वेळीच करायचा. पहिली पेटी आर-वाय-बी, दुसरी वाय-बी-आर, तिसरी बी-आर-वाय, आणि पुन्हा तेच चक्र. त्याच नऊ गाड्या मग प्रत्येक फेजवर ९६ अँपिअर टाकतात. मात्र हा फिरवलेला क्रम नियंत्रकातही पेटीगणिक नोंदवला पाहिजे. तो नोंदवला नाही तर यंत्रणा वाय फेज तापलेला पाहून आर फेजवरच्या गाडीला हळू करते आणि वाय तसाच तापत राहतो.

प्रत्येक पेटीला स्वतंत्र परिपथ, स्वतःचा अतिप्रवाह संरक्षक आणि ३० मिलिअँपिअरचे गळतीसंरक्षण ही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांची अपेक्षा आहे. भारवाटप हे यांपैकी कशाचीही जागा घेत नाही. सॉफ्टवेअर चुकले तरी केबल जळू नये, ही जबाबदारी तांब्याची आणि ब्रेकरची.

संपर्क तुटला तर

नियंत्रक आणि पेट्या यांच्यातला संपर्क कधीतरी तुटणारच. उंदीर तार कुरतडतात, राउटर बंद पडतो, पावसात स्विच भिजतो. त्या क्षणी पेटीने काय करावे हे आधी तिच्यात भरून ठेवावे लागते. याला सुरक्षित प्रवाह म्हणू. तो काढण्याची रीत सोपी आहे: सर्वांत वाईट वेळी उपलब्ध वीज घ्या आणि सगळ्या पेट्यांत वाटा. वरच्या उदाहरणात भर दिवसा ४० किलोवॅट, म्हणजे प्रत्येक फेजवर ५८ अँपिअर. वीस एक-फेजी पेट्या तीन फेजवर वाटल्या की एका फेजवर जास्तीत जास्त सात येतात. सात गुणिले आठ म्हणजे छप्पन. सुरक्षित प्रवाह ८ अँपिअर. भागाकार सहाच्या खाली आला, तर काही पेट्या संपर्क तुटताच बंद व्हायला हव्यात, आणि त्या कोणत्या हेही आधीच ठरलेले हवे. याच कारणासाठी नियंत्रक आवारातच असावा. दूरच्या सर्व्हरवरून बिलिंग, नोंदी, वेळापत्रक चालेल. ब्रेकर वाचवण्याचे काम मोबाइलच्या सिमकार्डावर सोपवू नये.

मीटरचा संपर्क तुटणे हे याहून वेगळे आणि जास्त फसवे. पेट्या चालू, नियंत्रक चालू, पण आकडा गोठलेला. रात्री दोनचा ५० किलोवॅट भार सकाळी दहालाही तसाच दिसत राहतो. आकडा काही सेकंद बदलला नाही तर तो मेला असे समजून सुरक्षित प्रवाहावर येण्याची अट घालावी लागते.

वीज जाऊन परत येते तेव्हा सगळ्या पेट्या एकाच क्षणी जाग्या होतात, आणि त्याच वेळी गोदामाच्या मोटारीही सुरू होत असतात. प्रत्येक पेटीला वेगवेगळा उशीर दिला की हा धक्का विरतो. ब्रिटनने २०२१ च्या नियमांनी घरच्या आणि कामाच्या ठिकाणच्या नव्या चार्जरना असा यादृच्छिक उशीर सक्तीचा केला आणि तो मुळात दहा मिनिटांपर्यंतचा ठेवला. तिथला हेतू देशाचे ग्रिड सांभाळण्याचा होता. आवारात तीच युक्ती एका रोहित्रासाठी चालते.

जनरेटर हा आपल्याकडचा खास मुद्दा. वीज गेली की डीजी सेट सुरू होतो, आणि २०० केव्हीएच्या जागी अचानक १२५ किंवा ६२.५ केव्हीए उरतात. नियंत्रकाला हे कळत नसेल तर तो जुन्याच मर्यादेने वाटप करत राहतो. चेंजओव्हर स्विचवरचा एक सुका संपर्क (ड्राय काँटॅक्ट) तारेने नियंत्रकाला जोडला की डीजी चालू होताच गाड्यांची मर्यादा शून्यावर आणता येते. डिझेल जाळून टेम्पो भरण्याचे कारण अपवादानेच असते. ही एक तार ओढायला अर्धा दिवस लागतो आणि तीच सर्वाधिक वेळा विसरली जाते.

महामार्गावरची जलद गन

रस्त्याकडेच्या सार्वजनिक डीसी चार्जरवर गणित बदलते. नाशिक किंवा नागपूरकडे निघालेल्या प्रवाशाला रात्रभराचा वेळ नसतो. त्याला अर्ध्या तासात निघायचे असते, म्हणून वाट पाहायला लावून वाटप करण्याची मुभा इथे फार थोडी आहे.

डीसी चार्जरमध्ये रूपांतराचे यंत्र पेटीतच असते, बहुधा ३० किलोवॅटच्या खणांच्या रूपात. १८० किलोवॅटच्या कपाटात असे सहा खण. दोन गन असतील तर कपाटातले काँटॅक्टर खण इकडून तिकडे वळवतात: एकच गाडी असेल तर सहाही तिला, दुसरी आली की तीन-तीन, किंवा चार-दोन. इथे गाडी आणि चार्जर यांच्यात खरा संवाद असतो. सीसीएस-२ गनमधून गाडी स्वतःची बॅटरी किती टक्के भरली आणि किती प्रवाह हवा हे सांगत राहते. त्यामुळे वाटप जास्त शहाणे होऊ शकते. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की गाडी आपण होऊन वेग कमी करते, त्या वेळी मोकळा झालेला खण लगेच शेजारच्या गनला मिळायला हवा. काही जुन्या रचनांत गाडी सुरू होताना केलेली वाटणी शेवटपर्यंत तशीच राहते. ९२ टक्क्यांवर रेंगाळणारी मोटार निम्मे कपाट अडवून बसते आणि शेजारी नुकतीच आलेली रिकामी गाडी ताटकळते.

प्रवाशाला वेग का कमी मिळतो आहे हे पडद्यावर स्पष्ट दिसायला हवे: ‘शेजारची गन चालू आहे, सध्या ९० किलोवॅट’. गनवर १८० लिहायचे आणि गर्दीत ६० द्यायचे, हे त्याच्या वेळेवर अन्याय करणारे आहे.

अवजड ई-ट्रक आणि बसगाड्यांचा भार याच आवारांत वाढणार आहे. अडीचशे किलोवॅट-तासांच्या एका ट्रकची बॅटरी म्हणजे बारा छोटे हत्ती. अशा दोन गाड्या एकदम जलद चार्जिंगला लागल्या तर वरच्या उदाहरणातले रात्रीचे १३० किलोवॅट एका क्षणात संपू शकतात. तिथे वाटपाच्या जोडीला आवारातच साठवणुकीची बॅटरी ठेवणे किंवा वेगळी उच्चदाब जोडणी घेणे यांचा विचार करावाच लागतो.

तपासणी

जोडणी पूर्ण झाली की एक संध्याकाळ तपासणीसाठी राखावी लागते. आधी एकाच गाडीवर मर्यादा ६, १६, ३२ अशी बदलून प्रत्येक वेळी क्लॅम्प मीटरने प्रवाह पाहायचा. मग प्रत्येक पेटीचा खरा फेज कोणता ते एकेक करून तपासायचे आणि नियंत्रकातल्या नोंदीशी जुळवायचे. नंतर सगळ्या गाड्या लावून गोदामाचे मोठे यंत्र मुद्दाम सुरू करायचे आणि किती सेकंदांत गाड्या हळू होतात ते मोजायचे. पुढे नेटवर्कची तार ओढून काढायची, मग मीटरची. शेवटी मुख्य स्विच पाडून डीजीवर जायचे आणि परत यायचे. प्रत्येक वेळी भाराचा आलेख जपून ठेवायचा, कारण सहा महिन्यांनी तक्रार आली तर तुलना त्याच्याशीच होते.

पहिल्या महिन्याच्या बिलातली कमाल मागणी आणि नियंत्रकाने नोंदवलेली कमाल मागणी यांत फरक असेल, तर मीटर किंवा सीटी तपासावे लागतात. एकविसावी पेटी लावली की सुरक्षित प्रवाह नव्याने काढून सगळ्या पेट्यांत भरावा लागतो. एकूण मर्यादा, सुरक्षित प्रवाह, प्रत्येक पेटीचा फेज, डीजीवरची मर्यादा आणि शेवटच्या तपासणीची तारीख असा एक कागद प्लास्टिकमध्ये घालून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतात. रात्रपाळीचा वायरमन बोलावला की तो सर्वांत आधी तेच दार उघडतो.